'भरवसा नाही' सोडून दुसरे शब्द सांगा ना

तापीकाठ_चोपडा
राम राम मंडळी. गणपतीत आमच्या मंडळाचं छोटं नाटुकलं बसवतोय, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातलं, संवाद मीच लिहितोय आणि दर पानावर 'काही भरवसा नाही' येतंय. लाईटचा भरवसा नाही, पावसाचा नाही, व्यापाऱ्याचा नाही, चुलतभावाचा तर नाहीच नाही. बोलताना चालून जातं पण स्टेजवर चार पात्रं तेच तेच बोलायला लागली की पब्लिक उठून जाईल. 'अविश्वसनीय' टाकून पाहिलं तर पोरं हसली, म्हणे क्रिकेटची कॉमेंट्री आहे का. माणसाला वेगळा शब्द, वस्तूला वेगळा असं काही असेल तर सांगा. शिव्या नकोत, समोर आयाबाया नि लहान पोरं असतात.

मास्तर_धरणगाव
शब्द ढीगभर आहेत भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा टाकला की गडबड होते. माणूस कशापायी बुडवतो त्यावर शब्द ठरतो. मनात खोट नाही पण आज हे धरतो उद्या ते सोडतो, तो धरसोड्या. नुसत्या गप्पा हाणतो नि काम निघालं की गायब, तो बोलघेवडा, हल्लीची पोरं बोलबच्चन म्हणतात. मनात आलं तर मध्यरात्री धावून येईल नाहीतर फोनही उचलणार नाही तो लहरी, घडीत तोळा घडीत मासा. पोटात नाही ते ओठावर आणून मुद्दाम फसवतो तो दगाबाज, आणि हा शब्द जपून वापर, धरसोड्या चुलतभावाला दगाबाज म्हणालास तर नाटकाचं कोर्टाचं प्रकरण होईल. अविश्वसनीयचं पोरं म्हणतात ते खरंय, पेपरवाल्यांनी 'अविश्वसनीय विजय' लिहून लिहून त्याचा अर्थच पालटवलाय. माणसाला अविश्वासू म्हण, पण तेही पुस्तकी वाटतं.

आणि 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' हे बेभरवशाच्या माणसाला लावू नको, लोक सर्रास लावतात. पारडी झाली तर पुढे दुधाची आशा, टोणग्याचं काय करता, आणि जिच्यावर सगळ्यात जास्त मदार तिलाच नेमका टोणगा. म्हणजे हुशार पोरगा नापास झाला तर ही म्हण. जो दरवर्षीच गटांगळ्या खातो त्याला कशाला?

केळीवाला_रावेर
मास्तरांशी सहमत, पण भो, नाटकात विशेषणं लावूच नका, क्रियापदं वापरा. व्यापारी बेभरवशाचा आहे असं कोणता शेतकरी बोलतो? तो म्हणतो हात वर केले, शब्द फिरवला, टांग मारली, पलटी मारली, तोंडघशी पाडलं. आमच्याकडचंच सांगतो, बोर्डाच्या भावाने (म्हणजे केळीचा रोज जाहीर होणारा भाव) सौदा ठरलेला, सकाळी फोन की गाडी निघालीच (निघालीच म्हणणाऱ्याची आंघोळ पण झालेली नसते), मग म्हणे सावद्यात आहे, मग फोन बंद, दुपारी एकदाची गाडी आली आणि अर्धा बाग कापून झाल्यावर साहेब म्हणतात आज बोर्ड उतरलाय, क्विंटलमागे कमी करा नाहीतर एवढाच माल घेऊन जातो. आता कापलेले घड परत झाडाला लावायचे का? वडील एवढंच म्हणाले, "नाडलं रे आपल्याला." हा शब्द लिहून घ्या, नाडणे. समोरचा अडलाय हे बघून त्याला वाकवणं. दगा वेगळा, टांग वेगळी, हे वेगळं. तुमच्या व्यापाऱ्याच्या सीनला हाच बसेल.

मावशी_फैजपूर
वस्तूंचं कोणी बोललंच नाही. दिसायला झकपक नि दोन दिवसात कडी तुटणारी बादली ती तकलादू. तसंच कचकड्याचं, कचकड्याची बाहुली म्हणतो ना. खाट खिळखिळी, गाडीचं डबडं, स्टार्टर रामभरोसे. लेचापेचा माणसालाही चालतो नि टेकू दिलेल्या मांडवालाही. पावसाला तर किती आहेत बघा. आभाळ भरून येतं नि न पडताच निघून जातं ती हुलकावणी, यायच्या वेळेला येत नाही ती ओढ दिली, येऊन मध्येच दिवसेंदिवस गुल ती दडी मारली. लाईटला पेपरात विजेचा लपंडाव लिहितात पण घरात असं कोणी बोलत नाही, घरात लाईट झपकी मारते. तुमच्या शेतकऱ्याला रात्रपाळीच्या लाईटवर मोटर चालू करायला पाठवा, स्टार्टर दाबेपर्यंत लाईट गेली की त्याच्या तोंडी काय येतं ते लिहा, शिवी नको म्हणता तर अवघड आहे म्हणा!

अजून एक, आमच्या लेवा बोलीत वढाय. वळणावर न राहणारं, दुसऱ्याच्या पिकात घुसणारं ढोर. घरात पाय न टिकणाऱ्या पोरालाही आजी वढायच म्हणायची.

तापीकाठ_चोपडा
मावशी वढाय घेतला, आजीच्या पात्राला देतो. चुलतभावाला 'अळवावरचं पाणी' नि 'हातावर तुरी देणारा' म्हटलं तर?

मास्तर_धरणगाव
दोन्ही नको. अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं, पैसा, तारुण्य, सत्ता. हातावर तुरी देऊन चोर पोलिसांच्या ताब्यातून पळतो. तुझा भाऊ पळत नाही, तो येतच नाही. त्याला 'ऐनवेळी कच खाणारा' म्हण.

पांझराकाठ
एखादं पात्र अहिराणीत बोलू द्या ना. "त्याना काय भरोसा शे, येस येस सांगस नि येतच नही", एवढ्या एका वाक्याला धुळ्याकडचं पब्लिक शिट्ट्या मारेल.

आणि बऱ्हाणपूरच्या बाजूला ऐकतो तो 'बिनपेंदीचा लोटा' पण घ्या, म्हणजे कधी या बाजूला कधी त्या बाजूला लवंडणारा, हिंदीतून आलाय पण रावेरपर्यंत सगळ्यांना कळतो. त्याचं मराठी करून 'बिनबुडाचा' लिहू नका, आपल्यात बिनबुडाचे फक्त आरोप असतात. गावातला पुढारी दाखवणार असाल तर आयाराम गयाराम आहेच, १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला तेव्हापासूनचं आहे ते, पण फार घासून झालंय. त्यापेक्षा 'टोपी फिरवली' म्हणा. फक्त 'टोपी घातली' म्हणू नका, ती लोकांना घालतात, फिरवायची असते ती स्वतःची.