सात वर्षं काम केलेल्या माणसाला बायनरी ट्री उलटवायला लावणं बरोबर आहे का?

बदलापूर_फास्ट
गेल्या आठवड्यात ऐरोलीत एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत तिसऱ्या फेरीत बाद झालो. सात वर्षं बँकांच्या पेमेंटचा जावा कोड लिहितोय. मला सांगितलं, बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी, प्रत्येक फांदीला जास्तीत जास्त दोन फाटे) उलटवून दाखवा, म्हणजे डावे-उजवे फाटे अदलाबदल करा, वीस मिनिटं. कॉलेजनंतर ट्रीला हात लावला नव्हता, अडकलो.

जे रोज करतो ते कोणी विचारलंच नाही. खात्यातून पैसे वजा झाले, उत्तर वाटेत हरवलं, ॲपने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून काय करायचं? व्यवहार क्रमांक कोणी तयार करायचा, डेटाबेसने तो दुसऱ्यांदा आला की कसा अडवायचा, यावर मी तासभर बोललो असतो. मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणारं होमब्रू लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलला गूगलने नाकारलं तेव्हा त्याने 2015 मध्ये याच ट्रीबद्दल जाहीर तक्रार केली होती. अजून प्रश्न तोच.

माझ्या मते ही परीक्षा मोकळ्या वेळेची आहे. सकाळी सातची लोकल, ठाण्याला ट्रान्स-हार्बर, घरी यायला साडेनऊ. लीटकोडवरची, म्हणजे मुलाखतीच्या सरावाच्या साइटवरची, कोडी कधी सोडवू?

डोंबिवली_पूर्व
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. मी मराठी माध्यमातला. कॉलेजचं नाव घेतलं की समोरचा विचारायचा, "हे कुठे आलं?" इंग्रजीत अनुभव रंगवून सांगणं मला जमत नव्हतं. पवईच्या आयआयटीतल्या मुलाला जो प्रश्न तोच मला, ही एवढीच समान जागा मिळाली आणि तिथून मी आत गेलो. आठ महिने रोज रात्री जेवण झाल्यावर बसलो होतो.

आणि हे ज्ञान वाया जात नाही. एक लाख नोंदींच्या दोन याद्या लूपमध्ये लूप टाकून जुळवल्या तर एक हजार कोटी तुलना होतात. हॅशमॅप (किल्ली दिली की नोंद थेट काढून देणारी रचना) वापरला तर प्रत्येक यादी एकदाच वाचायची. हजार कमिटमधून, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या बदलांतून, बिघाड कुठे शिरला ते गिट बायसेक्ट ही कमांड दहाएक पायऱ्यांत सांगतं, तेही बायनरी सर्चच, दरवेळी निम्मे बाद करत जायचं. हे न कळणाऱ्याचा कोड निस्तरायला मी रात्री जागलोय.

ठाण्याची_आई
"रोज रात्री जेवण झाल्यावर" हे तुम्ही किती सहज लिहिलंत! तेव्हा माझी भांडी असतात आणि चार वर्षांच्या लेकीची गोष्ट. ती झोपेपर्यंत माझेच डोळे मिटतात. प्रश्न सगळ्यांना एकच असेल, तयारीचे तास एक नाहीत. कॉलेजचं नाव आडवं येतं तसं घरही येतं.

गोरेगाव_नेस्को
मी मुलाखती घेतो. अनुभवावर बोलताना पुष्कळ जण टीमचं काम स्वतःचं म्हणून सांगतात, तासाभरात ते पकडता येत नाही. समोर लिहिलेला कोड पकडता येतो. ट्री अगदी आला नाही तरी चालेल, विचार कसा करता ते मी बघतो.

बदलापूर_फास्ट
@गोरेगाव_नेस्को, तुम्ही बघत असाल, माझ्यासमोरचे घड्याळ बघत होते.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ही सगळ्यांत भरवशाच्या पद्धतींपैकी एक ठरली. नुसती अनुभवाची वर्षं फारसं सांगत नाहीत हेही त्यातच आहे, आणि ते मला मान्य आहे. मग बिघडलेला कोड द्या, दोन तास द्या. तिथे टीमचं श्रेय चोरता येणार नाही आणि @ठाण्याची_आई यांना आठ महिने जागावं लागणार नाही.

डोंबिवली_पूर्व
ताई, तुमचं बरोबर आहे, मी तेव्हा एकटा होतो, आई ताट वाढून द्यायची.

बिघडलेला कोड ऑफिसात बसवून दिला तर मी तुमच्या बाजूने. घरी दिला तर नाही, कोणी सोडवला ते कळणार नाही. पण फ्रेशरचं काय? पेमेंटचा कोड ज्याने कधी पाहिलेलाच नाही, त्याच्यापुढे काय ठेवाल?