माजी सैनिकांना चर्चच्या मंडळीनं दिलेला आधार: तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठची
परवा साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात स्मारकापाशी थांबले होते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. नुसतं अपशिंगे कुणी म्हणत नाही, अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. तिथं पप्पांची फार आठवण आली. ते शांतिसेनेत श्रीलंकेला होते. परत आल्यावर चर्चला यायचे, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रभुभोजनाआधी (भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी) उठून जायचे. मम्मी गप्प, आम्ही पोरं घाबरलेलो. पाळकसाहेबांनी कधी "का उठता?" विचारलं नाही. संध्याकाळी यायचे, सोप्यात बसायचे, चहा घ्यायचे, ऊसबिलाच्या गप्पा मारायचे. उपदेश नाही. कित्येक महिन्यांनी पप्पाच म्हणाले, "साहेब, आज स्तोत्र 91 वाचा." त्या रात्री ते पहिल्यांदा बोलले, मेलेल्या जोडीदाराबद्दल. तुमच्या मंडळीत कुणी असं केलंय का? लिहा.

मिरजवाली
वाचून डोळे भरले गं. आमची आजी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्स होती. शेजारचे सुभेदार 71 च्या लढाईत पाय गमावून आलेले. ड्यूटीवरून आली की आजी त्यांची पट्टी बदलायची, मग बायबल उशाशी ठेवून घरी. ते हिंदू, पण नाताळला पहिली करंजी त्यांच्याकडंच जायची. भाजणी करपायला लागलीये, नंतर लिहिते.

रिटायर_हवालदार
जय ख्रिस्त. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. 15 ऑगस्टला हार घालता, त्याबद्दल आभारी आहे. पण रात्री दोनला जाग येते तेव्हा हार उपयोगाचा नाही. आमच्या घरसभेतला एक भाऊ म्हणाला, कितीही वाजले तरी फोन कर. केला. उचलला. दोघं काही न बोलता बसलो, मग त्यानं प्रार्थना केली.
दुसरं, हातात बंदूक धरली म्हणून देव जवळ करणार नाही, ही भीती मनात बसली होती. बायबलात लूकच्या 7 व्या अध्यायातला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, बघा. येशूनं त्याला आधी तलवार टाक म्हटलं नाही, त्याच्या विश्वासाचं नवल केलं. हे मला कुणीतरी दहा वर्षं आधी सांगायला हवं होतं.

वाईची_सून
@रिटायर_हवालदार काका, सलाम. प्रार्थना हवीच, पण झोप उडाली असेल तर डॉक्टरही हवा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या दिरांना पाळकांनीच नंबर लावून दिला, शेजारी बसून राहिले.

तासगावकर
आमेन 🙏 काका कुठली पल्टन? माझा मेहुणा पण मराठाच, बेळगावला ट्रेनिंग.

कोरेगावची
माझे मिस्टर सीमेवर कामी आले. "देवाची इच्छा" म्हणणारे खूप भेटले, ते शब्द नको झाले होते. महिला मंडळातल्या एक काकू मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माझ्याबरोबर फाइल घेऊन बसायच्या, डबा बांधून आणायच्या. पोराची फी भरायच्या दिवशी आठवण करायच्या. त्यांच्यामुळं मी परत गीतं म्हणायला लागले.

कृष्णाकाठची
@कोरेगावची ताई, काय बोलू. रविवारी भेटूच, डबा माझ्याकडून.

सज्जनगडपायथा
थोडं विषयांतर. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 ला साताऱ्यातच देवाचा दरबार, म्हणजे ख्रिस्तभक्तांची संगत, मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्या चर्चमागं उपासनेनंतर चहा असतो, तिथं गावातले सगळे रिटायर फौजी येतात, धर्म कुणी विचारत नाही. कुणी कारगिलवाला, कुणी 65 वाला. चहापेक्षा भजी लवकर संपतात 😄

तासगावकर
भजीला मी पण येतो 😄

मिरजवाली
आले. भाजणी वाचली. सुभेदार आजोबा गेले तेव्हा आजी आजारी असूनही पायी गेली होती.

रिटायर_हवालदार
@तासगावकर पल्टन फोनवर सांगतो. नोव्हेंबर आला, हयातीचे दाखले आले. ज्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही त्यांची नावं द्या. तरुण संघाची पोरं मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच करून देतात. आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर तेवढा काढून ठेवायला सांगा.

वाईची_सून
आमच्या गल्लीत दोन आजोबा आहेत. एकांना ऐकू येत नाही, पोरांना मोठ्यानं बोलायला सांगा.