शाळेत मोबाइल आणण्याचा नियम : तुमच्याकडे काय घडले?

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गेली एकोणीस वर्षे शिकवते आहे आणि सध्या नववीची वर्गशिक्षिका आहे. विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणू नये, असा आमचा नियम आहे. तो दर्शनी फलकावर लावलेला आहे आणि प्रवेशाच्या वेळी पालकांची त्याखाली सहीही घेतली जाते. तरीही गेल्या पावसाळ्यात एका दुपारी शिक्षक कक्षातील लोखंडी कपाटात माझ्या वर्गातून जप्त केलेले चार मोबाइल होते. मी वह्या तपासत बसले असताना कपाटातून घरघर ऐकू आली. दार उघडले, तर पत्र्याच्या कप्प्यावर एक मोबाइल थरथरत हळूहळू कडेकडे सरकत होता. पडद्यावर ‘आई’ अशी अक्षरे होती आणि त्याखाली न उचललेल्या सात फोनची नोंद होती.

मी तो उचलला. मुलीची आई शेतातून बोलत होती. संध्याकाळची साडेपाचची एसटी आज सुटणार नाही, तेव्हा मुलीने चुलत्यांच्या जीपने यावे, एवढाच तिचा निरोप होता. शाळेत फोन का केला नाही, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “शाळंचा नंबर न्हाई ओ बाई माझ्याकडं.” त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आम्ही त्यांच्या मुलीचा फोन काढून घेतला होता आणि त्याच्या जागी त्यांना काहीच दिले नव्हते.

मुलांच्या हातात वर्गात मोबाइल नसावा, याबद्दल माझे मत पक्के आहे. मला विचारायचे आहे ते त्यापुढचे. काढून घेतलेला फोन कुठे जातो, कुणाच्या जबाबदारीवर राहतो, केव्हा परत मिळतो, आणि तेवढ्या वेळात घरच्यांनी मुलाशी बोलायचे झाले तर कसे बोलायचे, याचे उत्तर तुमच्या शाळेच्या नियमात आहे का? शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा. शाळेचे नाव लिहू नये.

*

मी आज अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा प्रसंग २०२२ मधला, मी बारावीला असतानाचा. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मोबाइलला बंदी होती, परंतु भौतिकशास्त्राच्या टिपणांपासून प्रात्यक्षिकाच्या वेळापत्रकापर्यंत सर्व काही व्हॉट्सॲपच्या गटावरच येत असे. आमच्या घरी स्मार्टफोन एकच होता आणि तो वडिलांचा होता. वडील रिक्षा चालवतात. प्रयोगवहीत उतरवायच्या आकृत्या आदल्या रात्री गटावर आल्या होत्या, त्या मधल्या सुट्टीत उतरवून घ्याव्यात म्हणून मी त्या दिवशी वडिलांना विचारून त्यांचा फोन नेला होता.

जिन्याखाली बसून मी आकृती काढत असताना पर्यवेक्षकांनी तो घेतला. फोन वडिलांचा आहे, हे मी सांगितले. सर्व मुले असेच सांगतात, असे उत्तर मिळाले. सराव परीक्षा संपल्यावरच फोन परत मिळेल, असा नियम होता आणि परीक्षा संपायला अकरा दिवस होते. रिक्षाच्या पुढच्या काचेवर पैसे भरण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला होता. प्रवासी त्यावर पैसे पाठवत, पण ते आले की नाही हे पाहायला वडिलांजवळ फोन नव्हता. “पाठवले काका,” असे कुणी म्हटले की त्यावर विश्वास ठेवायचा, एवढेच त्यांच्या हाती होते. ठरलेली शाळेची दोन भाडी त्या आठवड्यात दुसऱ्या रिक्षाकडे गेली. वडील तिसऱ्या दिवशी धंदा सोडून महाविद्यालयात आले, दीड तास बाकावर बसले आणि अर्ज लिहून देऊन परत गेले. फोन अकराव्या दिवशीच मिळाला.

मी नियम मोडला होता आणि शिक्षा मला व्हायला हवी होती. मला तास बुडवून उभे केले असते, आईवडिलांना बोलावले असते, तरी मी तक्रार केली नसती. पण ती शिक्षा माझ्या वडिलांना झाली. फोन त्याच दिवशी संध्याकाळी पालकांच्या हाती द्यावा, एवढे एक वाक्य त्या नियमात असायला हवे होते.

*

पालघर जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत मी अधीक्षिका आहे. आमच्या मुली जूनमध्ये येतात त्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वसतिगृहातच राहतात. त्यांच्याजवळ मोबाइल ठेवू दिला जात नाही. त्यामागे कारणे आहेत आणि ती मला मान्य आहेत, कारण रात्री बारानंतर अनोळखी माणसांचे संदेश येऊ लागल्यावर काय होते, हे मी एका मुलीच्या बाबतीत प्रत्यक्ष निस्तरले आहे.

परंतु दिवाळीनंतर या मुलींचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जातात. भिवंडी, वसई, कुठे पनवेलकडे. एरवी बाजाराच्या दिवशी येता येता मुलीला भेटून जाणारी आई मग चार-पाच महिने दिसत नाही. म्हणून आम्ही एक वही केली आहे. रविवारी सकाळी न्याहारीनंतर मी माझा स्वतःचा फोन घेऊन व्हरांड्यात बसते, मुली रांगेने येतात, वहीतला नंबर मी लावून देते आणि प्रत्येकीला पाच मिनिटे मिळतात. वहीत एकेका मुलीच्या नावापुढे तीन-तीन नंबर खोडलेले आहेत, कारण भट्टी बदलली की मुकादम बदलतो आणि निरोप त्याच्याच फोनवर द्यावा लागतो. पहिलीच्या मुली पाच मिनिटांतली तीन मिनिटे काहीच बोलत नाहीत. फोन कानाला घट्ट धरून नुसत्या ऐकत राहतात. अशा वेळी मी घड्याळाकडे पाहत नाही.

हे काम कोणत्याही आदेशात लिहिलेले नाही. माझी बदली झाली, तर ती वही पुढच्या अधीक्षिकेच्या हातात पडेल की नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. बंदी लेखी असते, तशी ही रविवारची सोयही लेखी असावी, असे मला फार वाटते.

*

मी कोल्हापूर जिल्ह्यात मुख्याध्यापक आहे आणि वरचे तीनही अनुभव वाचून थोडे सविस्तर लिहितो, कारण नियम करणारा माणूस मी आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमात आम्हीच घरोघर जाऊन पालकांना सांगितले की, मुलासाठी स्मार्टफोनची काहीतरी सोय करा. माझ्या शाळेतल्या एका पालकाने त्यासाठी दोन शेळ्या विकल्या, हे मला नंतर कळले. दोन वर्षांनी त्याच पालकांना बोलावून, मुलाच्या दप्तरात फोन सापडला म्हणून मीच त्यांना बोललो. ते खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी उलट काही विचारले असते, तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

फोन आता घराघरांत आलेला आहे, हे आकडेही सांगतात. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. वर्गात बसून मला जे दिसते, ते याहून वेगळे नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका केंद्रीय विद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती मी बारकाईने वाचली. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. शक्य असेल तेथे विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर फोन जमा करावेत आणि घरी जाताना परत घ्यावेत. वर्गात फोनचा वापर होऊ नये. धोरण पालक, शिक्षक आणि तज्ज्ञ यांच्याशी बोलून ठरवावे. जप्ती हा नियमभंगाचा एक परिणाम असू शकतो, असे त्याचे सार आहे. ही तत्त्वे दिल्लीच्या प्रकरणात दिलेली असली, तरी आम्ही पालक-शिक्षक संघाच्या सभेत त्यांवर दोन तास चर्चा केली.

सभेत सर्वांत कठीण प्रश्न पैशांचा निघाला. पंधरा हजारांचा फोन जमा करून घेतला आणि तो हरवला किंवा त्याची काच फुटली, तर भरपाई कुणी द्यायची? वेतनेतर अनुदानातून खडूफळ्याचा खर्च भागवताना ओढाताण होते, तिथे ही जोखीम शाळेने घ्यायची कशी? एका पालकाने पाचशे रुपये दंडाची सूचना मांडली. दुसऱ्या एका आईने उभे राहून विचारले की, पाचशे रुपये म्हणजे माझी दोन दिवसांची मजुरी, ती तुम्ही माझ्या पोराच्या चुकीसाठी घेणार का? सूचना तिथेच मागे घेतली गेली आणि ते योग्यच झाले.

शेवटी असे ठरले की, लांबून बसने येणाऱ्या मुलांनी पालकांच्या लेखी अर्जावर फोन आणावा, तो बंद करून कार्यालयात द्यावा, नोंदवहीत सही करावी आणि शाळा सुटताना सही करूनच परत घ्यावा. चोरून आणलेला फोन सापडला, तर तो त्याच दिवशी पालकांना बोलावून द्यायचा. पालक आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी. त्याहून अधिक काळ शाळेने तो ठेवायचा नाही.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. शिक्षकांना हजेरीची, पोषण आहाराची आणि परीक्षेची माहिती मोबाइलवरून भरावी लागते. तास सुरू असताना शिक्षक खाली मान घालून फोनवर बोटे फिरवत असेल, तर तो आहाराची नोंद करतो आहे की अन्य काही पाहतो आहे, हे समोरच्या साठ मुलांना कसे कळावे? आम्ही ही सर्व कामे पहिल्या तासापूर्वी किंवा मधल्या सुट्टीत कार्यालयात बसूनच करायची, असे ठरवले आहे. ते सर्व दिवस पाळले जात नाही. तरी मुलांना सांगताना आता आवाज चाचरत नाही.

*

माझे माहेर सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, हे पुष्कळांनी वाचले असेल. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. हा शाळेचा नियम नाही, गावाचा आहे, तरीही येथे लिहिते, कारण त्यात फोन मोठ्यांनीही बाजूला ठेवायचा असतो. टाळेबंदीत मुलांना लागलेली सवय शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून हे करावे लागले.

ते ऐकून आम्ही आमच्या घरी सात ते साडेआठ फोन फडताळात ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा उठून फडताळाकडे गेले ते माझे पती. मुलगी सहावीत आहे. तिने ते पाहिले आणि एक दिवस न बोलता फडताळापुढे पाट टाकून त्यावर अभ्यासाला बसली.

*

मी सिडनीत राहते. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी माध्यमिक शाळांत ऑक्टोबर २०२३ पासून शाळेच्या पूर्ण वेळात, मधल्या सुट्टीसह, मोबाइल वापरण्यास बंदी आहे. माझ्या मुलाच्या शाळेत प्रत्येकाला चुंबकी कुलपाची कापडी पिशवी दिलेली आहे. सकाळी फोन त्यात घालून पिशवी बंद करायची आणि ती स्वतःजवळच ठेवायची. शाळा सुटताना फाटकाशी बसवलेल्या चकतीवर आपटली की ती उघडते. फोन मुलाजवळच असल्यामुळे हरवल्याचा वाद उद्भवत नाही.

माझ्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. त्याच्या दंडावर लावलेला संवेदक रक्तातील साखरेचे आकडे फोनवर पाठवतो आणि साखर उतरू लागली की फोन वाजतो. बंदी जाहीर झाली, तेव्हा मी दोन रात्री नीट झोपले नाही. परंतु वैद्यकीय कारणासाठी सूट देण्याची तरतूद नियमातच होती. डॉक्टरांचे पत्र दिल्यावर एका बैठकीत काम झाले आणि सर्व शिक्षकांना तशी सूचना गेली. भारतातल्या माझ्या बहिणीच्या मुलीलाही हाच आजार आहे. तिच्या शाळेत असा अर्ज कुणाकडे करायचा, हे सांगणारे कुणी भेटले नाही, म्हणून आठवीतली ती मुलगी दर तासाला बोट टोचून साखर तपासते.

*

मी एका शाळेत शिपाई आहे. मुख्याध्यापक सरांनी नोंदवहीचे लिहिले आहे, तशी वही आमच्याकडेही आहे आणि ती माझ्याकडे असते. मुलीने हा धागा वाचून दाखवला, म्हणून तिच्याकडून लिहून घेतो आहे.

सुरुवातीला फोन एकाच पेटीत टाकत असू. सुटताना पन्नास मुले एकदम येत, काळे फोन सगळे सारखेच दिसत, आणि एकदा दोन मुलींचे फोन अदलाबदल होऊन एक थेट दुसऱ्या गावाला गेला. त्या रात्री मी सायकलने जाऊन तो आणला. त्यानंतर मी खडूची रिकामी खोकी जमवली. एका खोक्यात एक फोन, वर रबर आणि रबराखाली वर्ग व हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. कुणाचा फोन सुरू राहिला, तर खोके टेबलावर वाजते आणि लगेच कळते. घरून तीन वेळा फोन आला, तर तो उचलायचा आणि निरोप वर्गात पोचवायचा, अशी परवानगी मी सरांकडून मागून घेतली आहे. निरोप मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. परवा सातवीतल्या एका मुलाच्या आजीचा होता. डबा घरीच राहिला आहे, शेजारच्या पोराबरोबर पाठवते, उपाशी राहू नको म्हणावे. मधल्या सुट्टीच्या आधी मी त्याला वर्गात जाऊन सांगितले.