शब्दचर्चा: टोर्नेडोची ‘तीव्रता’ की ‘श्रेणी’?

कोथरूडहून: एका मासिकासाठी टोर्नेडोवर लेख लिहिते आहे. वादळं येऊन गेली की अमेरिकेच्या हवामान खात्याची माणसं पडझड बघत हिंडतात आणि प्रत्येक टोर्नेडोला ईएफ-० ते ईएफ-५ (ईएफ म्हणजे ‘एन्हान्स्ड फुजिता’, सुधारित फुजिता मोजपट्टी) यांतला एक आकडा देतात. त्या पाहणीला मी ‘पंचनामा’ म्हटलंय आणि आकड्याला ‘तीव्रता’. टोर्नेडोला काय म्हणावं, चक्रीवादळ की वावटळ?

पाषाणहून: चक्रीवादळ नको. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ. त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा, पुण्यातली झाडंही त्यानं पाडली. टोर्नेडो बहुतेक वेळा काहीशे मीटर रुंद असतो आणि काही मिनिटांत विरतो. वावटळही नको. ती भर उन्हात जमिनीवरून उठते, पाचोळा फिरवते. टोर्नेडो गडगडाटी ढगाला धरून असतो. ‘टोर्नेडो’च ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला वाऱ्याचा भोवरा’ अशी फोड द्या.

जुन्नरहून: ‘पंचनामा’ला माझी हरकत आहे. निसर्गच्या वेळी आमच्या गोठ्याचे पत्रे उडाले. पंचनाम्यात किती पत्रे गेले, किती रुपयांचं नुकसान झालं एवढं लिहून सह्या झाल्या, कारण तो कागद भरपाईसाठी असतो. पत्रे जे-हुकांनी आवळले होते की वर नुसते दगड ठेवले होते, हे त्यात येत नाही. आणि वारा किती होता हे कळायचं तर नेमकं तेच विचारायला हवं!

पाषाणहून: अगदी बरोबर. अमेरिकेतली ती पाहणीची माणसं तेच विचारतात. घर पायापासून साफ उडून गेलं, तरी भिंती पायाला बोल्टनं बांधल्या होत्या की खिळ्यांनी, हे वाकून बघतात. खिळे असतील तर कमी वाऱ्यातही तेवढीच पडझड होते, म्हणून आकडा खाली येतो. वादळांचे अभ्यासक फुजिता यांनी १९७१ साली मूळ मोजपट्टी मांडली. २००७ पासून वापरात असलेल्या सुधारित, म्हणजे ईएफ पट्टीत घर, शाळा, विजेचा खांब, झाड अशा २८ गोष्टींची यादी आहे. ‘नुकसान पाहणी’ म्हणा.

‘तीव्रता’ तर मुळीच नको. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोजवळच्या टोर्नेडोत फिरत्या रडारनं ताशी ४५० किलोमीटरहून जास्त वारा टिपला. आधी ईएफ-३, मग रडारच्या आकड्यावरून ईएफ-५ जाहीर झालं, पुढे पुन्हा ईएफ-३ झालं, कारण तो बराचसा मोकळ्या रानातून गेला आणि पडझड तेवढीच सापडली. वाचक म्हणेल, तीव्रता कमी कशी झाली? वारा तोच होता.

जुन्नरहून: मग ही आमची पैसेवारीच झाली की. पाऊस किती पडला ते वेगळं, शिवारात काय उभं आहे त्यावरून आकडा. तीही आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम.

कोथरूडहून: हे फार नेमकं सापडलं. ‘नुकसान-श्रेणी’ लिहिते आणि शेजारी पैसेवारीचं उदाहरण देते. क्रियापद ‘दिली’ ठेवू?

पाषाणहून: दिली म्हटलं की शाळेतले गुण वाटतात. पैसेवारी काढतात, तशी श्रेणीही ‘काढली’ म्हणा. आणि ईएफ-५ साठी ‘ताशी ३२२ किलोमीटरहून जास्त वाऱ्याची नोंद झाली’ असं लिहू नका. ‘वारा एवढा असावा’ असं लिहा, कारण तो पडझडीवरून बांधलेला अंदाज असतो.