नोएल कावर्डची नाटकं वाचताना रंगत नाहीत, ती कशी वाचावी?

अंत्रुजकर
नमस्कार मंडळी. 'ती फुलराणी' पाहिल्यापासून शॉचं मूळ 'पिग्मॅलियन' वाचायचं मनात होतं. पणजीला पाटोच्या ग्रंथालयातून आणलं आणि एका बैठकीत संपवलं. त्याच भरात त्या काळातली आणखी इंग्रजी विनोदी नाटकं शोधली, तर कावर्डचं 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' हाती आलं. एवढं नावाजलेलं, पण मला ते पातळ वाटलं. चार माणसं, तुटक वाक्यं, आणि खळखळून हसावं अशा जागा थोड्या. जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या माणसानं ह्यातली गंमत कुठे शोधायची? पावसाळ्यात गावात आम्ही काही जण जमून नाट्यवाचन करतो. तिथे घेता येईल असं काही असलं तर तेही सुचवा.

मांडवीकाठ
अंत्रुजकरबाब, ते नाटक मनातल्या मनात वाचूच नका. पुढच्या बैठकीत पहिल्या अंकातला बाल्कनीचा प्रवेश दोघांना उभं करून मोठ्यानं वाचायला लावा.

प्रसंग बघा. एलियट आणि अमांडाचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झालीत. दोघंही आपापल्या नव्या जोडीदाराबरोबर मधुचंद्राला फ्रान्समधल्या एकाच हॉटेलात येतात, नेमक्या शेजारशेजारच्या खोल्यांत. खाली वाद्यवृंद त्यांच्या जुन्या ओळखीचं गाणं वाजवतोय. दोघांच्याही पोटात कालवाकालव. आणि बोलतात कशावर? तो जगप्रवास करून आला त्यावर. चीन कसा होता? फार मोठा. आणि जपान? फार लहान. मग ताजमहालाची चौकशी, तो चांदण्यात पाहिला का वगैरे. कागदावर हे शाळेतल्या भूगोलाच्या तोंडी परीक्षेसारखं दिसतं. पण 'फार मोठा' म्हणण्याआधी नट अर्धा श्वास थांबला, नजर तिच्यावरून हलू दिली नाही आणि 'फार लहान' मात्र चटकन टाकून मोकळा झाला, की हशा येतो आणि त्याच क्षणी घसाही दाटतो. शब्द मुद्दाम कमी ठेवलेत, बाकीचं नटानं भरायचं. १९३० साली एलियट कावर्ड स्वतःच करायचा. अमांडा होती गर्ट्रूड लॉरेन्स, तिच्यासाठीच तर त्यानं हे नाटक लिहिलं. आणि व्हिक्टरच्या, म्हणजे अमांडाच्या नव्या नवऱ्याच्या कामात कोण? पुढे मोठा नट म्हणून गाजलेला, तेव्हा तरुण असलेला लॉरेन्स ऑलिव्हिए!

तिकडे इंग्लंडात १९६८पर्यंत लॉर्ड चेंबरलेन ह्या राजदरबारी अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय नाटक करता येत नसे. संहिता वाचून दुसऱ्या अंकातल्या प्रेमप्रसंगाला हरकत निघाली. कावर्ड जातीनं गेला, त्यांच्यासमोर नाटक करून दाखवलं, आणि परवाना मिळाला. कागदावरचं आणि तोंडचं नाटक किती वेगळं असतं, ते त्या कचेरीलाही तेव्हाच कळलं असणार.

मी जत्रेच्या नाटकांत वर्षानुवर्षं कामं केली, आता तालमी घेतो. देवळाच्या मांडपात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून आपला नट प्रत्येक वाक्यावर जोर देतो. पौराणिक नाटकात ते शोभतं, इथे जोर दिला की वाक्य मेलं. पण ह्या नाटकांना जो ठेका लागतो तो आपल्या नटाच्या अंगातच असतो. पदाआधी ऑर्गनवाला सूर धरतो आणि नट वाक्याचं शेपूट बरोबर त्या सुरावर आणून सोडतो, हे ज्याला जमतं त्याला कावर्ड जमेल. मी तालमीत आधी वाक्यं सपाट, भराभर म्हणायला लावतो. समोरच्याचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच आपला उचलायचा. असं काही वेळा झालं की थांबायची जागा आपसूक सापडते. पानभरात ती एखादीच असते, पण सगळी मजा तिथे आहे.

पुढे सॉमरसेट मॉमचं 'द सर्कल' (१९२१) जरूर घ्या. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याला आणि लहान मुलाला टाकून लेडी किटी प्रियकराबरोबर पळून गेली. ती दोघं आता म्हातारी होऊन त्याच मुलाच्या घरी पाहुणी येतात. ब्रिज खेळता खेळता पत्त्यांवरून भांडतात, त्याची कवळी नीट बसत नाही. आणि घरातली सून नेमकी तशीच पळून जायच्या बेतात! ती म्हातारी मंडळी बघून तिचा बेत फिरेल असं वाटतं. फिरतो की नाही ते वाचा. मला हे त्या काळातलं सगळ्यात पक्कं बांधलेलं विनोदी नाटक वाटतं.

कुळागर
सगळं पटलं, पण ही नाटकं म्हणजे बंगल्यांत बसून चहा पिणारी बडी माणसं. राबणारा माणूस फक्त ट्रे घेऊन येतो आणि जातो. त्यांच्यात आपण जीव का गुंतवायचा?

मांडवीकाठ
कुळागरबाब, मग जे. एम. बॅरीचं 'द ॲडमिरेबल क्रायटन' वाचा, १९०२चं. लॉर्ड लोम महिन्यातून एकदा नोकरांना दिवाणखान्यात बसवून बरोबरीनं चहा पाजतो. नोकर अवघडून मरतात, आणि त्यांच्यातला मुख्य क्रायटन ह्याला ही बरोबरी मुळीच मान्य नाही. पुढे जहाज फुटून सगळे एका निर्जन बेटावर अडकतात. तिथे ज्याला काम येतं तोच मालक, म्हणजे क्रायटन. दोन वर्षांत लॉर्डची थोरली लेक त्याला आनंदानं जेवण वाढू लागते, दोघांचं लग्न ठरतं, आणि त्याच वेळी समुद्रातून जहाजाच्या तोफेचा आवाज येतो. खूण पेटवली की सुटका, आणि सुटका म्हणजे पुन्हा नोकर. क्रायटन खूण पेटवतो. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, ह्यांचं नातं घरात पाहिलेल्या आपल्या माणसांना तो क्षण समजावून सांगावा लागत नाही.

अंत्रुजकरबाब, वाचनाला मात्र आधी कावर्डचंच 'हे फीव्हर' (१९२५) घ्या. घरातले चौघं एकमेकांना न सांगता शनिवार-रविवारसाठी एकेक पाहुणा बोलावतात, एवढीच गोष्ट. पात्रं नऊ, तुमच्यातल्या काहींना दोन-दोन कामं घ्यावी लागतील. आणि क्लाराचं काम छोटं म्हणून नवख्याला देऊ नका. ती ज्युडिथची, म्हणजे त्या घरातल्या निवृत्त नटीची, रंगभूमीवरच्या दिवसांतली जुनी मदतनीस, आता घर सांभाळते. तिच्या वाट्याला वाक्यं थोडी आहेत, ती ज्याच्या जिभेला धार आहे त्यालाच द्या.