कमी पैशात मोकळं जगताय? आपापले अनुभव टाका

काल शेजारच्या काकूंनी गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घातले. ज्वारीच्या चिकाचा वास आला आणि २०१३ चा मे आठवला. पुण्यातली नोकरी सोडून अमळनेरला आलो तेव्हा आई असाच चीक हाटत होती. वर न बघता म्हणे, "मग आता खाशील काय?"

कागद घेऊन बसलो. घर वडिलांचं, भाडं नाही. सायकल होती. ज्वारी, उडीद, तूर, मिरची वर्षाची उन्हाळ्यातच भरायची. तेव्हा महिना सहा हजारांत निघायचा, आता अकरा लागतात. तेवढ्यापुरते सकाळी दुकानदारांचे हिशेब लिहितो. दुपारी झोपतो. लोकांनी गाड्या घेतल्या, मी दुपार घेतली. तुमचं सांगा.

भुसावळकर: घर स्वतःचं, तिथेच अर्धी लढाई संपली ना भाऊ. मी भाड्याच्या घरात अडीच वर्षं काढली. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, गुपचूप नोकरी धरली. आधी आरोग्य विमा, मग राजीनामा.

तापीकाठ: कळण्याच्या भाकरीच्या पिठाला ज्वारीत उडीद किती घालता? आमच्याकडे चारास एक.

गच्चीवरची: मोकळीक कोणाला मिळाली ते पण लिहा. यांनी नोकरी सोडली आणि पापड, कुरडया, मिरच्या कांडणं, सगळं माझ्या गळ्यात. मेमध्ये ४५ डिग्री अन् कूलर "पुढच्या वर्षी". तीन उन्हाळे ऐकलं. मग शिवणकाम धरलं, माझे पैसे माझ्या डब्यात. पहिला कूलर त्यातूनच. आता त्याच्यासमोर हेच झोपतात 😄

धागाकर्ता: वहिनी, आमच्या घरात हे वाचून दाखवणार नाही.

रावेरचा: आमचं उलटं. केळी होती तेव्हा पैसा दिसायचा, पण रोपं, खत, ठिबक सगळं उधारीवर. वादळात बाग आडवी झाली की वर्ष गेलं. आता निम्म्यात ज्वारी-हरभरा. हाती कमी येतं, पण आभाळ आलं की उठून बसत नाही.

जुना धुळेकर: पैसा कमी शे, पन कोनं देनं नही. बस.

तापीकाठ: कळण्याचं सांगा ना कोणी.

गच्चीवरची: चारास एक बरोबर. मीठ दळतानाच टाका.

भुसावळकर: जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, माझ्या राजीनाम्याला घरात अजून मान्यता नाही. बामणोदची वांगी आली का कुठे?

रावेरचा: मेमध्ये? थंडीत ये, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजू. गॅसचे पैसे वाचतील तुझे.