ओटीजी खेळणं नाही, आधी तो नीट लावायला शिका

खमंग_ठाणे

परवा इथे एकांनी ओटीजीबद्दल (घरचा छोटा विजेचा ओव्हन) ठणकावून लिहिलं होतं: "घरचा ओटीजी म्हणजे खेळणं. नानकटाई खालून काळी, आतून कच्ची. प्रीहीट-बिहीट सगळं थोतांड. आमची आई कुकरमध्ये वाळू घालून केक करायची, त्याची सर कशालाच नाही." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

खालून काळी नि आतून कच्ची, म्हणजे बहुतेक वेळा ट्रे थंड ओव्हनमध्ये गेलेला असतो. ओव्हन तापत असताना खालचा रॉड एकसारखा लाल असतो. त्याची आच थेट ट्रेच्या बुडाला बसते आणि आतली हवा, भिंती मात्र अजून गारच असतात. एकदा तापमान गाठलं की थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो, मग पदार्थ सगळीकडून भाजतो. ओटीजीवरचा तापण्याचा दिवा विझल्यावरही आणखी पाच-दहा मिनिटं थांबा, पत्रा तापायला वेळ लागतो. आणि आईंच्या कुकरमधली वाळू आधी चांगली तापवून मगच भांडं आत जायचं ना? ते प्रीहीटच होतं.

दुसरं, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. 180 वर लावलेला ओटीजी आत 155 असू शकतो, 205 सुद्धा. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. मधल्या जाळीवर ठेवून अर्धा तास जाऊ द्या. काटा वरखाली होत राहील, त्याचा मध्य धरा. 150, 180, 200 तिन्हींना काय दाखवतो ते लिहून फ्रिजवर चिकटवा. मग जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडून भाजा, कोणता कोपरा आधी करपतो ते कळेल. तिथे नानकटाई ठेवायची नाही, किंवा अर्ध्या वेळेत ट्रे फिरवायचा.

सांगलीकर

ते "एक जण" मीच. नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं, ताई.

महिन्यातून एकदा केक करणाऱ्या घरात थर्मामीटर, तक्ते, ब्रेडची परीक्षा? माझ्या आईकडे यातलं काही नव्हतं. हिंडालियमचा कुकर, शिट्टी आणि रिंग काढलेली, तळाला वाळू. वासावरून कळायचं तिला. आमच्याकडे ओटीजी आला तो लेकीच्या हट्टापायी. वर्षभरात जे बाहेर आलं ते कुत्र्यानेही नाकारलं. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढं सगळं केलं होतं.

तापमापक

साहेब, थर्मामीटर नको असेल तर साखर वापरा. साखर 186 अंशांच्या आसपास वितळते. वाटीत चमचाभर साखर घालून 175 वर पंधरा मिनिटं ठेवा, वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. मग 195 वर लावा, नाही वितळली तर कमी तापतोय. खर्च शून्य.

आणि परदेशी पाककृतीतला 350 हा फॅरनहाइटमधला असतो, म्हणजे आपला 177. लोक बटण शेवटपर्यंत 250 वर पिरगाळतात आणि ओव्हनला शिव्या देतात.

खमंग_ठाणे

साखरेचा उपाय ढोबळ आहे. ती 186 च्या खालीही हळूहळू रंग बदलते, पंधरा मिनिटांवर ठेवली तर फसवते. पण काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढं मान्य.

आडस_रोड

तुम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना एक गोष्ट कधी दिसणार नाही. आमच्याकडे अंबाजोगाईच्या बाजूला संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 180 वर येतं. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. 230 ला 1500 वॅटचा ओटीजी 180 ला जेमतेम 920 वॅटचा उरतो. तापायला दीडपट-दुप्पट वेळ, दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. बायको भर दुपारी बेक करते, तेव्हा उत्तम होतं. "180 वर 20 मिनिटं" म्हणणाऱ्या एका तरी व्हिडिओत हे सांगतात का? आणि 16 अँपिअरचा सॉकेट हवा हेही कोणी सांगत नाही. शेजाऱ्यांची एक्स्टेन्शन वायर वितळली.

वसईची_सून

अवांतराबद्दल क्षमस्व, पण ओव्हन-ओव्हन करताना भट्टीचा पाव कायमचा चाललाय त्यावर कोणी बोलेल का? जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. माझे सासरे आयुष्यभर भट्टीवर होते. आम्ही दिवाळीआधी रवा, साखर, तूप डब्यात घेऊन बेकरीत जायचो, ते पाव निघाल्यावर उरलेल्या आचेवर नानकटाई भाजून द्यायचे. ती चव विजेवर येणार नाही.

तापमापक

चव लाकडाची नव्हे, विटांची. जाड विटा रात्रभर उष्णता धरून ठेवतात आणि सगळीकडून सारखी सोडतात. तशा विटांत गॅस लावा, तोच पाव मिळेल.

वसईची_सून

तुम्ही कधी भट्टीसमोर उभे राहिलात का? पुस्तकातून पाव शिकवू नका.

चुनाभट्टी_रहिवासी

मी राहतो बेकरीच्या मागे. पहाटे तीनला धूर सुरू, जुन्या फर्निचरची रंग लावलेली लाकडं जाळतात. मुलाला दम्याचा पंप. तुमच्या चवीसाठी आम्ही किती वर्षं खिडक्या बंद ठेवायच्या?

वसईची_सून

रंगीत भंगार जाळणाऱ्यांना आधी पकडा ना! माझ्या सासऱ्यांनी सुकं लाकूडच वापरलं. छोट्या बेकरीवाल्याने नवीन ओव्हनचे लाखो रुपये कुठून आणायचे? गोव्यात पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, कौतुक करायचं आणि इथे त्याला गुन्हेगार ठरवायचं.

चुनाभट्टी_रहिवासी

गुन्हेगार कोणी म्हटलं नाही. सरकारने पैसे द्यावेत, यावर माझी सही घ्या. पण धूर बंद व्हायलाच हवा.

सांगलीकर

धागा कुठून कुठे गेला. वसईच्या ताई, सासऱ्यांना भट्टी तयार झाल्याचं कसं कळायचं?

वसईची_सून

मूठभर पीठ आत टाकायचे. लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं तर पाव आत.

खमंग_ठाणे

तेच मी म्हणतेय! ते रोज तापमान तपासत होते. घरच्या पत्र्याच्या डब्यात विटा नाहीत, म्हणून तर खालच्या जाळीवर जाड लोखंडी तवा ठेवून तोही अर्धा तास तापवायचा. दार उघडल्यावर उष्णता टिकते आणि खालच्या रॉडची आच थेट लागत नाही. तव्याच्या वरच्या जाळीवर पावाचा ट्रे ठेवा. सुरुवातीला बाजूला उकळत्या पाण्याची वाटी, म्हणजे वरची साल लवकर कडक होत नाही, पाव फुगतो.

सांगलीकर

तवा घरात आहे, तेवढं करून बघतो. थर्मामीटर मात्र विकत घेणार नाही. आणि आईच्या केकची सर येणार नाही, हे माझं म्हणणं कायम.

आडस_रोड

दुपारी करा, साहेब. संध्याकाळी नको.